डावी मुडप

आमच्या गावात कुणाला "वडील आहेत का रे?" असं विचारायची पाळी येत नाही. डोक्यावरची टोपी बघितली की कळतं. डावा काठ वर मुडपलेला असला तर बाप आहे. डावा खाली आणि उजवा वर, तर बाप गेला. बायकांना टोपीच नाही. आमचे बाप असले काय नि नसले काय, टोपीला त्याचं सोयरसुतक नाही.

या टोप्या बाबा करायचे. लोकर भिजवून, कुटून जाड नमदा करायचा, तो ओला असतानाच लाकडी ठोकळ्यावर ताणायचा, वाळला की किटलीच्या वाफेवर धरून काठाला मुडप घालायची. मी फक्त आतलं अस्तर शिवायचे. नमद्याला हात लावायची मला परवानगी नव्हती. का, म्हणून विचारलं की बाबा म्हणायचे, "तुझे हात गरम आहेत." वाफेत दिवसभर हात घालणारा माणूस हे म्हणायचा!

कुणाचा बाप गेला की तो टोपी घेऊन यायचा आणि बाबा मुडप उलटवून द्यायचे. ती आयुष्यात एकदाच उलटते. परत फिरवायला गेलं तर नमदा घडीवर चिरतो.

हे असं का, तर बाबांचं म्हणणं, पूर्वी बाप आणि मुलगा कामाला बरोबर निघायचे. बाप डावीकडून चालायचा. त्याचं बोलणं ऐकू यावं म्हणून मुलगा तेवढा काठ वर करायचा. बापच गेला की ऐकायचं कुणाचं? मग काठ खाली. एक बडबडं गिऱ्हाईक म्हणालं, छे, हे जुन्या शिपायांचं, बंदूक खांद्याला लावताना काठ आड यायचा म्हणून. बाबांनी विचारलं, "मग बाप मेल्यावर शिपाई खांदा बदलायचा का?" खरं-खोटं देव जाणे. मला बाबांचं पटायचं.

पुढे टोप्या घालणारे कमी झाले. गावातली बाकीची दोन दुकानं बंद पडली, आमचंच तेवढं राहिलं. मग बाबांची छाती कफाने भरायला लागली. जन्मभर लोकरीची धूळ आणि वाफ ओढलेली, दुसरं काय होणार? डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता हा हिवाळा निघणं कठीण. मी दादाला फोन केला.

दादा लांबच्या बंदरात क्रेन चालवतो. तो आला तो सुट्टी संपायची तारीख सांगतच आला. दुकानामागच्या खोलीत बाबांच्या उशाशी बसला, टोपी मांडीवर ठेवून. दोघंही मुखदुर्बळ. मी चहा नेऊन ठेवायचे आणि दोघांच्या वतीने बोलायचे.

दादाच्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "टोपी आण इकडे. किटली ठेव."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा डोकं फिरलं. "बाबा, काहीतरीच काय! तुम्ही जिवंत आहात."

"म्हणूनच," ते म्हणाले. "मागाहून कोण उलटवणार आहे? पोरगा जन्मभर खोटी टोपी घालून हिंडेल."

"मी उलटवीन. इतकी वर्षं बघतेय."

"चिरलीस तर?"

मी दादाकडे बघितलं. म्हटलं, अरे, बोल ना काहीतरी! तर हा पठ्ठ्या जमिनीकडे बघत टोपी पुढे करतो. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

बाबांना उशा लावून बसवलं. किटली मीच धरली. डावा काठ वाफेत मऊ झाला तसा त्यांनी तो अंगठ्याने खाली ओढला, मग उजवा वर घेतला. हात एरवी कपसुद्धा धरत नव्हते, पण त्या वेळी थरथरले नाहीत. मध्ये एकदा खोकला आला तेव्हा त्यांनी टोपी लांब धरली, थुंकी उडू नये म्हणून. मी रडत होते. वाफेमुळे डोळ्यांत पाणी आलंय असं कुणी म्हणालं असतं तर किटली फेकून मारली असती.

"घाल," बाबा म्हणाले. "डोक्यावरच वाळू दे, नाहीतर घडी धरणार नाही."

धंद्यातला नियमच आहे तो. आम्हा तिघांनाही पाठ. त्यामुळे कुणाच्या मनात दुसरं काही आलंच नाही. दादाने टोपी घातली, बॅग उचलली, बाबांच्या पायांवर डोकं ठेवता येईना म्हणून नुसता हात ठेवला आणि निघाला. खाट दाराकडे जाताना त्याच्या डाव्या हाताला. बाबांनी हाक मारली, "जपून जा रे."

दादा वळला नाही. ऐकू गेलं नसेल. नमदा जाड असतो.

तो गल्लीतून ती टोपी घालून गाडीपर्यंत चालत गेला. अख्ख्या गल्लीने बघितलं.

चहाची भांडी विसळत होते तोच समोरचा बेकरीवाला दुकानात आला. डोक्यावरची टोपी हातात. "कळवलं का नाही गं?" म्हणाला. "फार सज्जन माणूस." त्याच्यामागे शिंपीणबाई, डोळ्यांना पदर लावून. मी तोंड उघडलं, पण काय सांगणार? मुडप खोटी आहे म्हणून? बाबांच्या हातची मुडप?

आतून बाबांनी विचारलं, "कोण आलंय?"

बेकरीवाला पांढराफटक पडला. शिंपीणबाईने त्याचा दंड धरला आणि दोघं बाहेर पडले. मी आत गेले.

"गिऱ्हाईक होतं," मी म्हटलं.

बाबांनी डोळे मिटले होते. "ऐकलं मी. सज्जन म्हणाला. उधारीवर पाव देताना कधी म्हणाला नव्हता." मग थोडा श्वास घेऊन, "म्हणजे घडी नीट बसली."

"नीट बसलीय, बाबा."

"लांबून ओळखू आली ना?"

"आली."

"मग झालं."

हिवाळा निघाला. बाबाही निघाले त्यातून, डॉक्टरांनाही नवल वाटलं. पण भेटायला कुणी आलं नाही. ज्याच्यासाठी टोपी उतरवून झाली, त्याच्याकडे पुन्हा कसं जायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. बाबा उठून बसायचे, दाराकडे बघायचे. मी त्यांच्या डाव्या हाताला बसून दिवसभर बोलत राहायचे, काहीही, जे सुचेल ते.