मजल्या-मजल्यावर कट्टा

"और हर मंजिल पर एक कट्टा!" सफाई कामगारांच्या नव्या इमारतीचा नकाशा दाखवत आर्किटेक्ट हेमलताबाईंनी ठणकावून सांगितलं आणि उत्तरेकडच्या त्या शहरातल्या नगरपरिषदेची सभा चिडीचूप झाली.

अध्यक्ष चौधरीसाहेबांचा चहाचा कप ओठांशीच थांबला. "कट्टा? सबके लिए?"

"बिल्कुल! औरतों के लिए तो जरूर!"

शेजारी बसलेल्या केतननं कपाळावर हात मारला. तो बाईंच्याच ऑफिसातला तरुण आर्किटेक्ट. "मॅडम, अहो," तो कुजबुजला, "इकडे कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल!"

अगं बाई! हेमलताबाईंचा जन्म दिल्लीचा, शाळा पहाडगंजची मराठी. बाहेर सदा हिंदी. पण कट्टा हा शब्द घरातला, गप्पा मारत बसायच्या जागेचा. तो असा भर सभेत निसटला आणि बाई पार फजीत झाल्या.

"मॅडम, लायसन्स भी हम ही देंगे क्या?" मागून कुणीतरी विचारलं आणि सभागृहात हशा पिकला. बाईंनाही हसू आवरेना. डोळे पुसतच त्यांनी सांगितलं, "बैठने की जगह, जी! गॅलरी में, दीवार से लगकर!"

"अच्छा, बैठने की!" चौधरी म्हणाले. "फिर तो हटाइए. गॅलरी बंद करके उधर भी कमरे निकालो."

बाईंचं हसणं तिथंच विरलं. सफाई कामगारांच्या या घरांसाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं. मोटारींचं पार्किंग काढून टाकलं, कारण इथं मोटार होती कुणाकडे? त्या जागेत घरं बसवली. भिंती आतून पोकळ ठेवल्या, म्हणजे विटाही कमी आणि उकाडाही कमी. पण सगळी मदार होती ती गॅलरीवर. ती बुजवली की वारा बंद, उजेड बंद, आणि माणसं पुन्हा खुराड्यात.

"कमरे कम नहीं पड़ रहे, साहब," बाई म्हणाल्या. "जितने आपने मांगे, उतने पूरे हैं. सिर्फ हवा मत काटिए."

चौधरी बधले नाहीत. तेव्हा कामगारांच्या वतीनं आलेली चंद्रप्रभा बोलली. रोज पहाटे बाजाररस्ता झाडणारी बाई ती.

"साहब, पूरा शहर झाड़ते हैं हम. थककर जिस दुकान की सीढ़ी पर बैठो, वहीं से उठा देते हैं. अपने घर में तो बैठने दो."

चौधरींनी कप खाली ठेवला आणि घसा खाकरला. "रख लो भई. कट्टा भी रख लो."

हेमलताबाईंना तिथंच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. केतननं वाजवल्याही.

गृहप्रवेश झाला तो ऐन लूच्या दिवसांत. बाहेर अंगाची लाही होत होती, पण गॅलरीत वारा खेळत होता आणि लाडूंची ताटं फिरत होती. प्रत्येक मजल्यावरचा कट्टा माणसांनी भरला होता. "ये तो मॅडमवाला कट्टा है," पोरं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती आणि बाई लाजून लाडू खात होत्या.

तेवढ्यात चौधरीसाहेब जिना चढून आले. त्यांना पाहताच सगळे धडपडत उठले. केतन उठला, बाईसुद्धा सवयीनं उठल्या.

चंद्रप्रभा तेवढी बसून राहिली, पाय लांब पसरून, भिंतीला पाठ टेकून. तिनं पदरानं शेजारची जागा झटकली.

"बैठिए साहब," ती म्हणाली, "बहुत जगह है."