दुसऱ्या कपाचा मान

अपूर्वच्या हातात माइक देऊ नये हे मँचेस्टरच्या अख्ख्या मराठी मंडळाला ठाऊक आहे. तरी दर वर्षी संक्रांतीच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन तोच करतो, कारण सेक्रेटरी तोच. यंदा हॉल मिळेना म्हणून तारीख ढकलत ढकलत चिनी नववर्षाच्या आठवड्यात येऊन पडली. कौन्सिलला फोटो पाठवायचे म्हणून कमिटीला काहीतरी मल्टिकल्चरल हवं होतं. मग कोणाला तरी आठवलं, की सेक्रेटरीची बायको ते कुंग फू का काय ते करते.

वरदा नऊ वर्षं ते कुंग फू का काय ते करत होती. हॉस्पिटलच्या फार्मसीतली ड्यूटी संपवायची, ट्रॅममध्ये उभ्यानेच केळं खायचं आणि सेल नावाच्या उपनगरातल्या चर्च हॉलमध्ये पोचायचं. मध्ये एकदा गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, तो गुडघा घेऊन ती पुन्हा उभी राहिली. या सगळ्या वर्षांत अपूर्व त्या हॉलची पायरीसुद्धा चढला नव्हता. घरी पाहुणे आले की मात्र तो दोन्ही हात वाकडे करून ‘हाऽ हूऽ’ करून दाखवायचा आणि म्हणायचा, "हिच्याशी जपून हं." पाहुणे हसायचे. वरदा चहा टाकायला आत जायची.

कार्यक्रमाला तिने तिच्या सिफूंना, म्हणजे गुरूंना, बोलावलं होतं. क्वान सिफू मूळचे हाँगकाँगचे, निवृत्त डेंटिस्ट, सत्तरी ओलांडलेले आणि तोंडाने महाफटकळ. पहिल्या रांगेत बसून त्यांनी तिळाचा लाडू दाताखाली धरून पाहिला आणि लगेच रुमालात गुंडाळून खिशात टाकला.

वरदाने पांढऱ्या करकोच्याची शैली करून दाखवली. लोकांना उड्या हव्या होत्या. पण उड्या आणि उंच लाथा हे उत्तर चीनकडच्या शैलींचं काम. ही दक्षिणेची. हिच्यात पाय जमिनीत रोवून उभं राहायचं आणि हात असे झटकायचे, की ओल्या पंखांतून पाणी उडावं. वाघाची शैली निराळी, माकडाची निराळी, सापाची निराळी. ही करकोच्याची शैली म्हणे एका बाईने काढली. वाळत घातलेल्या धान्यावर करकोचा उतरला, तिने त्याला बांबूने हाकललं, तर तो तिच्या प्रत्येक फटक्यातून निसटून उलट तिलाच टोचायला लागला. बाई चिडली, मग थांबली, मग त्याच्याकडून शिकली. वरदाला ही गोष्ट फार आवडायची, विशेषतः बाई चिडली तो भाग.

टाळ्या बऱ्या पडल्या, आणि अपूर्वने माइक घेतला.

"फ्रेंड्स," तो पाहुण्यांसाठी इंग्रजीत सुरू झाला, "हे सगळं ओरिजिनली आपलंच आहे बरं का! बोधिधर्म आपल्या भारतातून चीनला गेला आणि त्याने त्यांना हे शिकवलं. म्हणजे आज हे घरी परत आलंय. मास्टर क्वान, इतकी वर्षं सांभाळल्याबद्दल थँक यू!"

आणि सिफूंच्या खांद्यावर शाल टाकून त्याने त्यांच्या हातात नारळ दिला. वरदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता सिफू उठतील आणि याची चांगली खरडपट्टी काढतील, असं तिला वाटलं. सिफू गदागदा हसले. शेजारच्या काकूंना म्हणाले, "कुंग फूच्या प्रत्येक शाळेत कोणाच्या तरी आजोबानेच सगळं शोधून काढलेलं असतं."

अपूर्व इथवर थांबला असता तरी वरदाने ते गिळलं असतं. ती करकोच्यावाली बाई केव्हाच मेली, तिचं काय जाणार होतं?

"आणि एक पर्सनल गोष्ट," अपूर्व म्हणाला. "लोक विचारतात, वरदाला हे कसं जमतं? सांगतो. मीच तिला म्हटलं, जा, काहीतरी स्वतःसाठी कर. मीच पाठवलं तिला."

बायका ‘ऑऽ’ म्हणाल्या. आयत्या पिठावर रेघोट्या ओढाव्यात त्या किती? दळण कोणाचं, जातं कोणाचं, आणि हा नुसता बोट फिरवून मोकळा. वरदा स्टेजच्या कडेला घामाने भिजलेल्या कपड्यांत उभी होती आणि तिला नारळ फोडावासा वाटत होता.

त्यावर कडी म्हणजे क्वान सिफू, ज्यांच्या तोंडून तिने आजवर कोणाचं कौतुक ऐकलं नव्हतं, त्यांनी अपूर्वचा हात दोन्ही हातांत धरला. "हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "मग रविवारी तूच बसायचं."

रविवारी वरदाचा चहा होता. सिफूंच्या क्लासला येणारे पुष्कळ, शिष्य मोजके. ज्याला शिष्य करून घ्यायचं त्याने सर्वांसमोर गुडघे टेकून दोन्ही हातांनी चहा द्यायचा. पहिला कप गुरूला. दुसरा गुरूच्या शेजारी बसलेल्या माणसाला, ज्याने शिष्याला या दारापर्यंत आणलं त्याला. या आणणाऱ्याचं काम एकच: हा माणूस कसा आला त्याची साक्ष द्यायची. आधी तो चहा पितो, मग गुरू. गुरूने कप न पिता खाली ठेवला की संपलं, पुन्हा चहा होत नाही. मागे एका जुन्या विद्यार्थ्याने दुसऱ्या शाळेत शिकत असल्याचं लपवलं होतं, तेव्हा सिफूंनी कप असाच खाली ठेवला होता. तो माणूस परत दिसला नाही. वरदासाठी एका थोरल्या शिष्याला रीत म्हणून बसवायचं ठरलं होतं. आता तिथे अपूर्व बसणार होता, आणि त्याच्यापुढे तिने गुडघे टेकायचे होते.

घरी जाताना गाडीत तिने विचारलं, "तू मला पाठवलंस?"

मागे त्यांची सोळा वर्षांची मुलगी दिया कानात इअरफोनची बोंडं घालून बसली होती.

"अगं, बोलायची एक पद्धत असते," अपूर्व म्हणाला. "आणि मी तुला अडवलं का कधी?"

"नाही."

"मग? पाठवलंच ना!"

आपण खोटं बोलतोय असं त्याला वाटतच नव्हतं, हीच पंचाईत होती. न अडवणं म्हणजे पाठवणं, आणि जेवल्यावर आपलं ताट सिंकमध्ये ठेवणं म्हणजे घरकामात मदत, असा त्याचा सरळ हिशेब.

"गुडघा गेला तेव्हा काय म्हणालास? ‘आता पुरे, वय बघ.’"

"काळजीने म्हटलं गं."

"आणि ‘हाऽ हूऽ’? तेही काळजीनेच?"

"वरदा, आत्ताच तिळगूळ वाटून आलीस. जरा गोड बोल ना."

बुधवारी ती क्लासच्या आधी सिफूंकडे गेली. ते टेबलावर लाल कागद पसरून ब्रशने नावं लिहीत होते.

"रविवारी माझा नवरा नको," ती म्हणाली.

"भांडण झालं?"

"भांडण नाही. त्याने जे सांगितलं ते—"

"चपला आणि घरचं भांडण दाराबाहेर." सिफूंनी मान वर केली नाही. "तो सर्वांसमोर बोलला, मी सर्वांसमोर त्याचा हात धरला. नाव लिहून झालंय. आणणारा नाही, तर चहा नाही."

आता ती सिफूंवरही चिडली. इतकी वर्षं ते बोलत आले आणि ती ऐकत आली. एकदा तिचं एक वाक्य शेवटपर्यंत ऐकायला काय झालं होतं? दोन पुरुषांनी एकमेकांचे हात धरून तिची गोष्ट परस्पर ठरवून टाकली होती. आता तिने एकतर गिळायचं, नाहीतर चहा सोडायचा. आणि तो चहा तिला हवा होता. लहान पोराला एखादी वस्तू हवी असते तसा हवा होता, त्याची तिला लाजही वाटत नव्हती. त्या दिवशी तिचे हात सारखे चुकत होते. सिफू तिच्यावर खेकसले, "करकोचा रागावत नाही! रागावते ती बांबूवाली बाई!"

रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात आपला काळा पोशाख इस्त्री करत होती. दिया सीरियलचा बोल घेऊन आली, थबकली, बोल खाली ठेवला आणि मूठ तळहातावर टेकवून ऐटीत उभी राहिली.

"सी-जेला आधी वाक, आई. मी मोठी आहे."

ही त्यांची जुनी गंमत. सिफूंकडे वयाला किंमत नाही. जो आधी आला तो थोरला. दिया सात वर्षांची असताना शाळेत एक मुलगी तिला फार छळायची, म्हणून वरदाने तिचं नाव तिथे घातलं. पहिल्या दिवशी पोरगी दारातच अडून बसली. आत यायला तयार होईना. शेवटी तिने आईचं बोट घट्ट धरलं आणि तिलाच आत ओढलं. वरदा कोट घालून, मोज्यांवर, मागच्या रांगेत मुलीच्या पाठीशी उभी राहिली. तेव्हा सिफू गरजले होते, "उभं राहायचंच असेल तर नीट उभी राहा!" आणि त्यांनी तिचे गुडघे दाबून वाकवले होते. पुढे दिया नेटबॉलकडे गेली. वरदा राहिली. पण नियमाने दिया तिची सी-जे, थोरली बहीण, आणि आईने लेकीला आधी वाकायचं.

इस्त्री हातात तशीच राहिली. पोशाखाला डाग पडता पडता वाचला.

"तू पण चल आज," वरदा म्हणाली.

"माझं होमवर्क आहे."

"चल म्हटलं ना."

चर्च हॉलमध्ये फायर अलार्म वाजतो म्हणून उदबत्त्या न पेटवताच खोचल्या होत्या. भिंतीवर लाल कागद. समोर दोन खुर्च्यांवर सिफू आणि अपूर्व. अपूर्वने ठेवणीतला कुर्ता घातला होता आणि एका पोराला फोन देऊन व्हिडिओ काढायला लावलं होतं. जावईबापूसारखा बसला होता, मानपान घ्यायला.

वरदाने गुडघे टेकले. दुखरा गुडघा कुरकुरला. तिने पहिला कप सिफूंना दिला, त्यांनी तो घेऊन मांडीवर धरला. मग तिने दुसरा कप उचलला. अपूर्वने हात पुढे केला, एकच, कारण दुसऱ्याने तो कुर्ता सारखा करत होता.

वरदा उठली. त्या हातासमोरून गेली, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा ओलांडून अगदी मागे गेली आणि दियासमोर गुडघ्यांवर बसली.

"सी-जे," ती म्हणाली आणि तिने कप पुढे केला.

दियाने कानातलं बोंड काढलं. "आई, तू काय करते?"

"आणणारा इथे बसलाय," सिफूंचा आवाज आला.

"नाही बसलेला," वरदा म्हणाली. भीतीने नाही, संतापाने. "मला कोणी पाठवलं नाही. या मुलीने मला बोट धरून आत ओढलं आणि तुम्ही मला हिच्या मागे उभं केलंत. तुमच्या कागदावर खोटं लिहिलंय, सिफू. त्या खोट्यापुढे मी चहा धरणार नाही. तुम्हाला कप खाली ठेवायचा असेल तर ठेवा."

अपूर्व कसनुसा हसून म्हणाला, "शी इज अ बिट इमोशनल." कोणी हसलं नाही.

सिफूंचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांनी दियाकडे पाहिलं. "खरं आहे हे?"

दियाने बापाकडे पाहिलं, मग आईकडे. "मला भीती वाटत होती," ती इंग्रजीत म्हणाली. "मीच तिला ओढलं. डॅड नव्हता. डॅड म्हणाला होता, स्विमिंगला घाला."

मग तिने लहानपणी शिकवलं होतं तसा दोन्ही हातांनी कप घेतला आणि चहा प्यायली. ना दूध, ना साखर. तिने तोंड वाकडं केलं, पण कप रिकामा केला.

आता सगळे सिफूंच्या हातातल्या कपाकडे बघत होते. वरदा गुडघ्यांवरच होती आणि उठायचं भान तिला नव्हतं. सिफूंनी कप टेबलाकडे नेला. तिथे क्षणभर धरला.

"गार करून टाकला," ते चिडून म्हणाले आणि एका घोटात पिऊन टाकला. मग उठून त्यांनी ब्रश उचलला, लाल कागदावर अपूर्वच्या नावावर आडवी रेघ मारली आणि दियाला तिच्या नावाचं स्पेलिंग विचारलं.

कार पार्कमध्ये अपूर्व बराच वेळ किल्ली शोधत राहिला. सापडल्यावर त्याने घसा साफ केला.

"बरं केलंस," तो म्हणाला. "मलाही तेच वाटत होतं. हा मान दियाचाच. खरं तर मी सुचवणारच होतो."

वरदाचा हात पुढच्या दाराच्या हँडलवर होता. ती उत्तर द्यायला वळली. पण दिया आधी बोलली.

"नाही बाबा," ती म्हणाली. "तू नव्हता सुचवणार. तू असा कधीच नाही बोलला. मी होती ना तिथे."

अपूर्वच्या हातात माइक नव्हता, समोर कमिटी नव्हती, पाहुणे नव्हते. वरदाने पुढच्या दारावरचा हात काढला, मागचं दार उघडलं आणि आपल्या थोरल्या बहिणीशेजारी जाऊन बसली.