उंबऱ्याबाहेरचा संदेष्टा

या, बसा असे कठड्याला टेकून. परळची एक गोष्ट सांगतो. ऐकताना अंगावर काटा आला तर माझ्यावर रागावू नका. काटा यावा म्हणूनच सांगतोय.

गाठीच्या तापाचं, म्हणजे प्लेगचं, दुसरं साल. अठराशे अठ्ठ्याण्णवचं. गिरणीचा भोंगा रोज वाजायचा, पण चाळीच्या जिन्यावर पावलं वाजत नव्हती. ज्यांना गाव होतं ते गावाला पळाले. वरच्या मजल्यावरची नगरकडची ख्रिस्ती घरं मात्र तिथंच. जायचं कुठं? बाप्तिस्मा घेतला त्याच दिवशी गावानं त्यांना दार लावलेलं. सरकारनं मोकळ्या माळावर झोपड्या बांधल्या होत्या, पण "तिथं नेऊन मारतात" असं जो तो सांगायचा.

त्या मजल्यावर कुशाबाचं घर. कुशाबा गिरणीत विणकर, बायको रखमा आणि लहानगी शांती. नवराबायकोचं रोज एकच भांडण.

"अवो, चला झोपडीत. पोरीकडं बघा!"

"दारावर खूण हाय आपल्या. खुणेखालून हलायचं न्हाई, संदेष्ट्यानं सांगितलंय."

हा संदेष्टा म्हणजे दौलतबुवा. पांढरा अंगरखा, अनवाणी पाय, पापणी म्हणून हलायची नाही. कुठून आला, कुणाला ठाऊक नाही. दिवेलागणीला यायचा, हातात बकऱ्याच्या रक्ताचं गाडगं. मिसर देशात देवाच्या लोकांनी दाराला रक्त लावलं आणि नाशकर्ता दूत ते दार टाळून पुढं गेला, हे बायबलातलं, म्हणजे त्यांच्या शास्त्रातलं, त्या घरांना लहानपणापासून पाठ. बुवानं तेच धरलं. प्रत्येक चौकटीला रक्त फासलं. "खुणेच्या आत राहील तो जगेल!" रक्त वाळून काळं पडायचं, त्यावर माश्या घोंगावायच्या, आणि माणसं त्याच्याआड दारं लावून बसायची.

आणि त्याचं बोलणं खरं व्हायचं हो! त्याच मजल्यावरच्या मालननं खूण नाकारली. बुवा तिच्या दाराला कान लावून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "हिची चूल विझत आली." त्याच आठवड्यात मालन गेली. मग पलीकडच्या खोलीतला दगडूही गेला. त्याच्या दाराला तर खूण होती! बुवा म्हणाला, "मनात शंका आली असंल त्याच्या." लोकांनी माना डोलावल्या. आणखी घट्ट दारं लावली.

एके दिवशी उन्हं कलताना कुशाबाच्या खोलीत भर उजेडात उंदीर आला. माणसांना भ्याला नाही. दारू प्याल्यासारखा गोल गोल फिरला आणि शांतीच्या पायाशी आडवा झाला. रखमानं किंचाळून पोर उचलली. त्याच वेळी दारात उभी राहिली पुतळाबाई, कुशाबाची आत्या. गिरगावात घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायची. जीभ मोठी तिखट.

दारावर उठलेली रक्ताची बोटं बघून म्हणाली, "हे काय रे? खाटकाचं दुकान काढलंस?"

"आत्या, थट्टा नको. त्याचं बोलणं खरं होतं."

"होत असंल. सापाचं विषही खरंच असतं की. म्हणून काय सापाच्या पाया पडायचं? शास्त्रात मोशेनं सांगून ठेवलंय, एखाद्याची खूण खरी जरी ठरली, तरी तो तुम्हाला कुठं नेतोय ते बघा. आणि मला सांग, मिसरात रक्त लावून लोक काय करत बसले होते?"

"घरात बसले होते. सकाळपर्यंत."

"कसे बसले होते? पुढचं सांग!"

कुशाबा अडखळला. "कंबर कसून... पायांत जोडे घालून... हातात काठी घेऊन."

"कशाला?"

"निघायला."

"निघायला! अरे, ती खूण मिसरच्या गुलामीतून निघणाऱ्यांसाठी होती. ह्या बुवानं तुम्हाला अर्धं शास्त्र सांगितलं आणि अर्ध्यात कोंडलं!"

बाहेर सावल्या लांब झाल्या होत्या. तेवढ्यात गॅलरीत अनवाणी पावलं चिकट चिकट वाजली. बुवा येऊन दारापुढं थांबला.

पुतळाबाईनं पदर सारखा केला. "सलाम, बुवा. या, आत या. आज आमच्याकडंच जेवा, इथंच निजा. तुमच्याच हातची खूण हाय. तिच्याखाली भ्यायचं कारण काय?"

बुवा हलला नाही.

"या ना. हा उंबरा."

त्यानं खाली पडलेल्या उंदराकडं बघितलं आणि एक पाऊल मागं घेतलं. तेव्हा रखमाला आठवलं, हा माणूस कधी कुणाच्याच घरात शिरला नव्हता! भाकरीसुद्धा बाहेर उभ्यानं घ्यायचा. सगळी चाळ त्याला वैराग्य समजत होती.

"आता ऐका," बुवा थंडपणे म्हणाला. "ही पोर रविवार बघणार न्हाई."

रखमानं पोरीला पदराआड ओढलं. कुशाबानं शांतीकडं बघितलं, मग चौकटीकडं. मालन आठवली. तरी त्यानं कोपऱ्यातून वहाणा ओढल्या, घातल्या, काठी उचलली.

"रखमा, पोरीला घे. निघू."

जाताना त्यानं प्रत्येक दार ठोठावलं. काही उघडली. काहींच्या आतून नुसती कुजबुज आली. टोकाच्या खोलीतल्या धोंडूचं दार आपोआप उघडलं, आत कुणीच बोललं नाही. कंदील खाली धरला तर गॅलरीभर रक्ताची अनवाणी पावलं. प्रत्येक उंबऱ्यापर्यंत आलेली. आत गेलेलं एकही नाही! बुवा मात्र कुठं दिसेना.

माळावरच्या झोपडीत रखमा डोळ्यांत तेल घालून बसायची. पोरीचं अंग चाचपायची, काखा चाचपायची. शनिवारी तर तिनं पोरीला मांडीवरून खाली ठेवलंच नाही. मग उजाडलं. लांबून ख्रिस्ती देवळाची घंटा ऐकू आली, आणि शांती डोळे चोळत म्हणाली, "आये, भाकर दे ना."

रविवार होता! कुशाबा गुडघ्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. पुतळाबाई म्हणाली, "बघितलंस? देवाच्या नावानं बोलला आणि खोटा पडला. आता त्याला भिऊ नकोस. हेही मोशेनंच सांगितलंय."

मंडळी, देवाचा माणूस भीती घालून कोंडत नाही, तो वाट दाखवतो आणि आपण त्या वाटेनं पुढं चालतो. बुवा पुन्हा परळात दिसला नाही. पण तसली पावलं काही संपली नाहीत. म्हणून तुमच्याकडं एकच मागणं. उद्या कुणी देवाचं नाव घेऊन तुमच्या दारात आला, तर लगेच पाया पडू नका. त्याला म्हणा, "आत या, आमच्यासोबत राहा." आणि त्याचे पाय उंबऱ्याच्या आत येतात का, तेवढं बघा.