निळ्या बोटांचा शिंपी

पानं जुळवताना बाइंडरने एकशे बारावं पान उचललं आणि ते खाली ठेवलंच नाही.

एरवी तो फक्त पानांचे आकडे बघायचा. कॉलेजच्या फाटकासमोर चोवीस वर्षं त्याने पोरांचे प्रकल्प शिवले होते, एकही वाचला नव्हता. पण या पानावरच्या शिंप्याची बोटं मोरचुदाने निळी झाली होती. शिंपी मोरचुदाला कशाला हात लावेल? कागदाला कसर लागू नये म्हणून ते खळीत घालतो तो बाइंडर.

त्याने पहिलं पान पाहिलं. नाव वर्गप्रतिनिधीचं होतं. याच कॉलेजात शिकवणाऱ्या बाइंडरच्या बायकोने इंटरनेटवरून उतरवलेल्या निबंधांना शून्य दिलं, तेव्हा याच मुलाने सह्या गोळा केल्या होत्या, की बाई छळतात. तिचं कंत्राट संपलं ते पुन्हा झालं नाही. वर्षाच्या आत ती अंथरुणाला खिळली आणि गेली.

शिकणाऱ्या विवाहित बायकांच्या मुलाखतींवरचा तिचा प्रबंध सादर व्हायचा राहिला. त्यातली प्रकरणं तिने मुलांना उपयोगी पडावीत म्हणून नेटवर टाकली होती, नाव न घालता; ती साइट आता बंद पडली होती. घरच्या कपाटातली प्रत त्यानेच शिवलेली. तीही त्याने वाचली नव्हती.

त्या दुपारी त्याने प्रकल्प आणि प्रबंध शेजारी ठेवले. शब्दाला शब्द जुळत होता. बाइंडरचा शिंपी झाला होता, एवढाच फरक. मग त्याने त्या पानावरच्या, सतरा नंबरच्या बाईची मुलाखत शेवटपर्यंत वाचली. उठला, पाणी प्यायला, परत वाचली.

तिसऱ्या दिवशी मुलगा दुकानात आला. म्हणाला, काका, एवढ्या वेळात तर मी अख्खा प्रकल्प लिहून काढला.

"तुझ्या तोंडी परीक्षेला मी स्वतः आणून देतो," बाइंडर म्हणाला. शिलाई त्याने दुहेरी घातली. यातलं एकही पान आता निसटायला नको होतं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी विभागप्रमुख बाईंच्या टेबलावर त्याने दोन्ही प्रती ठेवल्या. मुलाचा चेहरा उतरला, पण लगेच सावरला. अशी प्रत आज सकाळीही छापता येते, त्याने सांगितलं, आणि बांधणी तर काकांच्याच हातची. शिंप्याची बोटं निळी का, असं बाइंडरने विचारलं, तर ते त्याला ठाऊक नव्हतं. मुलाखत देणारी बाई जे बोलली ते त्याने लिहिलं, म्हणे. विभागप्रमुख म्हणाल्या, नुसत्या संशयावर मुलाची पदवी अडवता येणार नाही.

"सतरा नंबर त्याला मोठ्याने वाचायला सांगा," बाइंडर म्हणाला.

मुलगा वाचू लागला. नवरा निर्व्यसनी आहे, हात उगारत नाही. फक्त एम.ए.च्या शेवटच्या पेपरला ती निघाली, त्या सकाळी त्याने बाहेरून कडी घातली आणि कामाला गेला. संध्याकाळी येऊन काढली. पेपर तिने पुढल्या वर्षी दिला, पण आजवर सगळ्यांना सांगते, ताप होता म्हणून बुडाला.

"या बाईला तू भेटलास?" बाइंडरने विचारलं.

"हो. घरी जाऊन."

"ती माझी बायको होती. कडी मी घातली होती."

पंखा फिरत होता. मुलाने बाईंकडे पाहिलं. बाई प्रकल्पातल्या त्या ओळीकडे बघत होत्या.

"त्या परीक्षेला आम्ही मागेपुढे बसायचो," त्या म्हणाल्या. "मला तिने तापच सांगितला होता."

त्यांनी प्रकल्पावर 'रद्द' लिहिलं, खाली सही केली आणि मुलाला बाहेर जायला सांगितलं. वर्षभर बाइंडरला त्याचा हा चेहरा बघायचा होता. त्याने तो दारापर्यंत नीट बघून घेतला. मग प्रबंध काखेत मारून तोही उठला.

"तुम्ही बसा," बाई म्हणाल्या.