दोन टिंबं

नोंदणी कारकून असलेल्या अक्कांनी संगणकावर तीच आज्ञा पुन्हा टाइप केली. काळ्या पडद्यावर पुन्हा तेच उत्तर उमटलं: कमांड नॉट फाउंड, आज्ञा सापडली नाही.

"अक्का, नोंद मिळाली का?" आतल्या टेबलावरून रक्तपेढीच्या डॉक्टरांनी विचारलं.

"एक मिनिट, मॅडम."

हे एक मिनिट त्यांनी तिसऱ्यांदा मागितलं होतं. सकाळचे सव्वाअकरा झाले होते. वरच्या मजल्यावर एक बाई बाळंत झाली होती आणि तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिच्या गटाच्या दोन पिशव्या टेबलावर तयार होत्या. पण चिठ्ठी घेऊन आलेली तिची आई खिडकीशी सहज बोलून गेली होती, "मागच्या बाळंतपणातही, चार वर्षांपूर्वी, रक्त दिलं होतं हो. नंतर माझी पोर पिवळीधमक पडली होती, आठवडाभर."

ते ऐकून डॉक्टरांचा हात जागीच थांबला होता.

"आजच्या तपासणीत काही दिसत नाही," त्या म्हणाल्या होत्या. "पण काही दोष चार वर्षांत दडून बसतात आणि चुकीचं रक्त मिळालं की उसळून येतात. जुना शेरा बघितल्याशिवाय मी पिशवी देणार नाही."

जुना शेरा संगणकात होता, आणि संगणकाला काही सापडत नव्हतं. यादी दाखव म्हटलं, नाही. नोंद शोध म्हटलं, नाही.

चूक कुठे झाली ते अक्कांना पुरतं ठाऊक होतं. लेबल छापायचं नवं यंत्र आलं होतं, आणि त्यासाठी एका फाइलीत एक ओळ बदलायची होती. संगणक बघणाऱ्या इंजिनिअरनं ती काल फोनवर सांगितली होती. आज्ञा कुठे कुठे शोधायच्या, त्या कप्प्यांची यादी संगणकाजवळ असते. तिला पाथ म्हणतात. त्या यादीला नवा कप्पा जोडायचा होता. अक्कांनी अकराच्या सुमारास घाईत जुनी यादीच पुसली आणि नवा कप्पा तेवढा ठेवला. मग लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केलं, आणि संगणक एकही आज्ञा ओळखेना.

इंजिनिअरचा फोन बंद होता. तो विमानात होता. अक्कांनी मास्तरांना फोन लावला. पेढीच्या संगणकावरचं हे सगळं मुळात त्यांनीच बसवलं होतं. निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती. फोन त्यांच्या बायकोनं उचलला.

"वहिनी, मास्तरांना सांगा, पाथ मोडलाय! फार घाई आहे!"

"अहो!" वहिनी तिकडे ओरडल्या. "रक्तपेढीतून अक्का बोलतायत. त्यांची पाठ मोडलीय!"

"मग मला कशाला फोन? हाडवैद्याकडे जा म्हणावं!"

"पाठ नाही हो वहिनी, पाथ! संगणकाचा! इथे वरती बाईचा जीव जातोय!"

पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मग मास्तरांचाच आवाज आला, मोठा आणि सावकाश.

"मला नीट ऐकू येत नाही, म्हणून मीच बोलतो. घाबरू नकोस. काही हरवलेलं नाही. सगळं जागच्या जागी आहे, फक्त त्याला कुठे बघायचं ते कळत नाहीये. लिही. एक्स्पोर्ट. जागा सोड. पाथ, मोठ्या अक्षरांत. मग बरोबरचं चिन्ह."

अक्कांनी लिहिलं. बोटं ओली झाली होती. एक अक्षर दोनदा पडलं, ते पुसलं.

"तिरकी रेघ, यूएसआर, तिरकी रेघ, बिन. मग विसर्गासारखी दोन टिंबं. पुन्हा तिरकी रेघ, बिन. दाब."

त्यांनी दाबलं. पडद्यावर नवीनच काहीतरी तक्रार आली.

"चिडलंय, मास्तर!" त्या ओरडल्या.

"बरोबरच्या चिन्हाशेजारी जागा सोडलीस ना? सगळेच सोडतात. चिकटून लिही."

खिडकीतून म्हातारीनं विचारलं, "बाई, देताय ना?" वरून दुसऱ्यांदा फोन वाजत होता. डॉक्टर तो उचलून म्हणत होत्या, "हो, कळतंय मला. हो, दोन मिनिटं."

अक्कांनी पुन्हा लिहिलं. चिकटून. दाबलं. पडदा काहीच बोलला नाही.

"गप्प बसलंय."

"गप्प बसलं म्हणजे मानलं. आधी बाईचं बघ, फाइल मागाहून नीट कर."

त्यांनी शोधायची आज्ञा दिली, पुढे नोंदणी क्रमांक घातला. एक ओळ उमटली. अक्कांनी ती मोठ्यानं वाचली. अँटी-किड. किड नसलेलेच रक्त द्यावे.

"किड हा रक्तातला एक उपगट. तिचं शरीर त्यावर तुटून पडतं," म्हणत डॉक्टरांनी टेबलावरच्या दोन्ही पिशव्या बाजूला सारल्या. फ्रिज उघडून तिच्या गटाची एकेक पिशवी किडसाठी तपासायला घेतली. पाचवी जुळली, मग सातवी. बारा वाजायच्या आत दोन्ही वर गेल्या. दुपारी वॉर्डातून निरोप आला: रक्तस्राव आटोक्यात आहे, बाई पाणी मागतेय. म्हातारी खिडकीशी आली आणि गज धरून रडली.

मग अक्कांनी फाइल उघडली, जुनी यादी परत घातली, तिच्या शेवटी नवा कप्पा जोडला. प्रत्येक चिन्हावर बोट ठेवून ओळ तीनदा वाचली.

बिघाडाची वही डॉक्टरांनीच पुढे केली. "लिहा, तांत्रिक बिघाड. बत्तीस वर्षांत एक डाग नाही तुमच्यावर, अक्का. निवृत्तीला तीन महिने उरलेत. कशाला उगाच?"

"मशीन नव्हतं ना बिघडलं, मॅडम."

"कोण विचारायला येणार आहे?"

अक्कांनी वही जवळ ओढली. त्यांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं: नोंदणी कारकुनाने ओळ चुकीची लिहिली, वीस मिनिटे नोंदी मिळाल्या नाहीत. खाली सही केली. सही नेहमीसारखी आली नाही. क्षणभर त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग तशीच राहू दिली आणि वही मिटली.