सगळं हिरवं

कुडाळच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत समीक्षा सर्व्हरांच्या घड्याळांवर नजर ठेवायची. युनिक्सचा सर्व्हर असला तरी त्याचं घड्याळ भरकटतं. ते सतत दुसऱ्या भरवशाच्या घड्याळाशी जुळवत राहावं लागतं. जुळलं की तिच्या पडद्यावर हिरवा ठिपका, सुटलं की लाल. हा पडदा तिने एकटीने उभा केला होता, आणि त्याची ऐट तिच्या चालण्यातसुद्धा उतरली होती.

त्या दिवशी मालवणहून मासे विकणारी सुभद्रा आली. तिथल्या मच्छीमार सोसायटीचा लिलाव सर्व्हरच्या घड्याळावर बंद व्हायचा. बाकीचे सोसायटीच्या हॉलमध्ये बसून, समोरच्या पडद्यावरचं सर्व्हरचंच घड्याळ बघत बोली लावत. सुभद्रा तेवढी बंदरावरून, मोबाईलवर. तिची बोली तीनदा उशिरा पडली होती. तीनदा उशीर म्हणजे लिलावातून नाव कमी, आणि त्याची बैठक त्याच संध्याकाळी होती.

"माझो मोबाईल म्हणता टायम आसा, तुमचो सर्व्हर म्हणता नाय," ती म्हणाली.

"ताई, आमची तपासणी दिवसरात्र चालू असते." समीक्षाने पडदा तिच्याकडे वळवला. मालवणसमोर हिरवा ठिपका, फरक जवळपास शून्य.

"मसुऱ्याची मा गो तू? मगे बँकेत बसल्यासारख्या काय बोलतस?"

मालवणजवळचं मसुरे हे समीक्षाचं गाव; तिला हसू आलं. बाईची समजूत काढावी म्हणून तिने मालवणच्या सर्व्हरला वेळ विचारली आणि शेजारी सुभद्राचा मोबाईल धरला. सर्व्हर चांगला दहा मिनिटं पुढे होता. तिने आपलाही मोबाईल काढून बघितला. तेच.

मग हिरवं कसं?

ते कसं, हे तिला लगेच आठवलं, आणि कान गरम झाले. पावसात मालवणची लाईन सारखी तुटायची, बाहेरची घड्याळं सापडायची नाहीत, आणि पडदा लालेलाल व्हायचा. त्याला कंटाळून तिनेच सर्व्हरला सांगून ठेवलं होतं, की सोसायटीच्या कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरला वेळ विचार. तपासणीही तिने त्याच कॉम्प्युटरशी लावली होती. शेजाऱ्याशी जुळतंय ना, एवढंच ती बघायची. शेजाऱ्याला कुणी काही विचारत नव्हतं.

तिने सोसायटीचे सेक्रेटरी भाई यांना फोन लावला, स्पीकरवर.

"भाई, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटराचा घड्याळ पुढे कोणी केल्यान?"

"मिया. भिंतीवरचा पण पुढेच आसा. घरातला पण. एसटी चुकणा नाय."

"माझ्या घरातला पण पुढे आसा रे," सुभद्रा मध्येच बोलली. "पण ता पुढे आसा ह्या आमका म्हायत आसा. वजा करून आमी घरातून निघतंव. तुझ्या त्या पेटीतला कोणाक म्हायत होता?"

समीक्षा फोनकडे वाकली, "भाई, चूक माझी पण आसा. बैठकीच्या आधी लिहून पाठवतंय. ह्यांचो उशीर उशीर न्हवतोच."

तिने तसं साहेबांना आणि सोसायटीला कळवलं. सर्व्हरला बाहेरच्या घड्याळांकडे वळवलं. काटा एकदम मागे ओढला असता तर आजच्या बोल्यांचा क्रम विस्कटला असता, म्हणून तिने घड्याळ नुसतं हळू चालायला लावलं, खरी वेळ त्याला गाठेपर्यंत. दुपारभर मालवणसमोर लाल ठिपका होता.

"लाल म्हणजे वायट मा गो?" सुभद्राने जाता जाता विचारलं.

"व्हय. पण आता खरा सांगता ता."

संध्याकाळी भाईंचा फोन आला. सुभद्राचं नाव राहिलं होतं. "पण मगे लोक आता टायमार येतले कशे?" त्यांनी विचारलं.

"भिंतीवरचा ऱ्हवांदे पुढे," समीक्षा म्हणाली.

फोन ठेवून तिने मनगटावरच्या घड्याळात बघितलं. ते दहावीपासून पाच मिनिटं पुढे होतं. तिने पाच वजा केली आणि मसुऱ्याची गाडी पकडायला निघाली.