दक्षिणेची माती

सन दोन हजार चारच्या जून महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या ऐन हिवाळ्यात, व्हिक्टोरिया राज्याच्या दक्षिण किनाऱ्याजवळ असलेल्या टारलोंग या दूधदुभत्याच्या गावी, सार्वजनिक दफनभूमीच्या वरच्या अंगाला, गवतावरचे हिम अद्याप वितळलेले नसताना, विल्फ्रेड टनिक्लिफ हा जलखात्यातला निवृत्त मीटर-वाचक आपल्या पत्नीच्या कबरीपाशी उभा राहून कबर खोदणाऱ्याशी वाद घालत होता. वादाचा विषय मातीचा ढीग हा होता.

"ढीग चुकीच्या बाजूला टाकलायस, मर्व्ह."

"ढिगाला कसली आलीय चूक न्‌ बरोबर?" मर्व्ह डाउसेट खोदयंत्राच्या बैठकीवरून उतरत म्हणाला. "खड्ड्याच्या बाहेर आहे ना? मग झालं तर."

"उत्तरेच्या बाजूला हवा होता. मी तुला फोनवर सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत. दोनदा सांगितलंत. पण तुमच्या आधी दुसऱ्या गिऱ्हाइकानं सांगून ठेवलं होतं."

"कुठलं गिऱ्हाईक?"

मर्व्हने फावड्याच्या दांड्याने खड्ड्याकडे निर्देश केला. "हेच. ज्यांना इथं झोपायचंय ते."

मर्व्हने हातमोजे काढून खिशात कोंबले आणि किंचित नरमाईने पुढे सांगितले, की नेरिडाबाई एप्रिलमध्ये, इथल्या शरद ऋतूत, येऊन गेल्या होत्या; डोक्याला रुमाल बांधलेला होता, श्वास लागत होता, तरी हातात त्याच्यासाठी मटणाचा पाय आणलेला होता, भट्टीतून नुकताच काढलेला. जागा त्यांनीच पसंत केली. "आणि म्हणाल्या, माती दक्षिणेला टाक बाबा. माझ्या नवऱ्याला तिथं उभं राहायला लागणार आहे."

"माझ्याशी ती एका शब्दानं बोलली नाही."

"बोलल्या असतील हो, टनिक्लिफसाहेब. तुम्ही मुद्दे काढत बसला असाल."

ह्या टोमण्यात जेवढे तथ्य होते तेवढे मर्व्हलाही ठाऊक नव्हते.

विल्फ आणि नेरिडा हे दोघे निसर्गाची पूजा करणाऱ्या विक्का पंथाचे. गावात त्यांचे मूठभर माणसांचे मंडळ होते. ते शाळेची बस चालवणाऱ्या लिअ‍ॅन कोवाल्चिक हिच्या सफरचंदांच्या बागेत ऋतूच्या संधीला जमे. ह्या पंथात कोणतेही कार्य आरंभण्यापूर्वी चौघे जण वर्तुळाच्या चार दिशांना उभे राहतात, आत पाठ करून बाहेर तोंड करतात, आणि एकेक जण आपापल्या दिशेच्या रक्षकांना, म्हणजे तिथल्या तत्त्वाला, आवाहन करतो: वायूला, अग्नीला, जलाला आणि सर्वांत शेवटी पृथ्वीला. कार्य संपले की उलट क्रमाने प्रत्येकाला निरोप द्यायचा. जे बोलावले ते परत पाठवायचेच, हा त्या विधीचा कणा आहे.

विल्फ हे सारे लँकेशरमधल्या एका गिरणगावात शिकला होता. एका विधवेच्या मागल्या अंगणात, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून कुजबुजत्या स्वरात म्हटले जाणारे ते शब्द त्याने मुखोद्गत केले. तिथे पृथ्वी उत्तरेला होती, कारण उत्तर ही थंड, काळोखी बाजू, जिकडे सूर्य कधी फिरकत नाही. आणि अग्नी दक्षिणेला होता, कारण दुपारचा सूर्य दक्षिणेला. इंग्लंडात ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मग तरुण वयात विल्फ बोटीने टारलोंगला आला आणि दोन पेट्यांबरोबर ती व्यवस्थाही जशीच्या तशी घेऊन आला. टारलोंगला सूर्य उत्तरेकडे कलून चालतो. उन्हाळ्यात रान पेटते ते उत्तरेच्या कोरड्या वाऱ्याने. नेरिडाच्या बापाचा गोठा तशाच एका दुपारी गाईंसकट जळाला होता. दक्षिणेला समुद्र, आणि समुद्रापलीकडे बर्फ.

हे विल्फला दिसत नव्हते असे नाही. त्याचे म्हणणे असे, की विधीतल्या दिशा म्हणजे हवामानाचा अंदाज नव्हे. तो वारसा आहे, आणि आज जो हवेप्रमाणे शब्द बदलील तो उद्या सोयीप्रमाणे बदलील. हा युक्तिवाद हलका नव्हता. मंडळातल्या तरुणांनी त्याच्याशी अनेकदा टक्कर घेतली आणि दरवेळी तेच आधी दमले. परंतु युक्तिवादाच्या तळाशी एक गोष्ट होती, जी त्याने कधीच वादात मांडली नाही. त्याची आई उत्तरेला होती. तो इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी ती वारली. बोटीच्या भाड्याची सोय होईना, म्हणून तो गेला नाही. उत्तरेकडे तोंड करून तो ज्या पृथ्वीला हाक मारी, तिच्यात एक विशिष्ट कबर होती.

हे नेरिडाला ठाऊक होते, आणि ठाऊक असल्यामुळेच तिने चाळीस वर्षे ब्र काढला नाही. गावच्या बेकरीत भट्टी सांभाळणारी ही बाई. अग्नीचे आवाहन तिच्याकडे आले ते ओघानेच. ती मेणबत्ती घेऊन दक्षिणेला उभी राही आणि समुद्रावरून येणारा वारा मेणबत्ती विझवी. ती पुन्हा पेटवी. वारा पुन्हा विझवी. विल्फने तिला कंदिलाची काच आणून दिली. मग त्याहून उंच काच आणून दिली. मेणबत्तीचा दोष तो निवारीत राहिला.

तिने तोंड उघडले ते इस्पितळात, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. पलंगासमोर खिडकी होती आणि खिडकीतून ऊन तिच्या पायांवरच्या ब्लँकेटवर पडले होते.

"विल्फ, ऊन कुठल्या बाजूनं येतंय?"

"हे बघ नेरी, आपण ह्या विषयावर..."

"आपण कधीच बोललो नाही ह्या विषयावर. तू बोललास. कुठल्या बाजूनं येतंय?"

"उत्तरेकडून."

"हं." तिने पाय ब्लँकेटखाली हलवले. "भट्टीपुढे उभं राहण्यात माझा जन्म गेला. आग कुठं असते ते मला कळतं रे. तुझ्यासाठी मी त्या गारठ्यात उभी राहून आग आग म्हणत राहिले. तक्रार नाही माझी. पण मला पुरताना तसं नको."

"मग कसं हवं?"

"जशी जमीन आहे तसं. आग उत्तरेला, माती दक्षिणेला. लिअ‍ॅनला सांगितलंय मी. पण मातीला हाक तू मारायचीस."

"मी उत्तरेला उभा राहूनच मारू शकतो. चाळीस वर्षं..."

"तुझी माणसं उत्तरेला आहेत, माहितेय मला. मी नाहीये ना तिथं. मी इथं असणार. मला हाक मारायची तर इकडे तोंड कर."

"ह्याला काही आधार पाहिजे, नेरी. असं मनाला येईल तसं..."

"झालं, निघाला वकील," ती म्हणाली आणि हसता हसता तिला ढास लागली. परिचारिका धावत आली. विल्फला बाहेर बसवण्यात आले. जाताना त्याने दारातून सांगितले, "विचार करून उद्या काय ते सांगतो."

त्याने खरोखरच विचार केला. परतीच्या बसमध्ये केला, स्वयंपाकघरात उकडलेले बटाटे पुढ्यात थंड होईपर्यंत केला, आणि त्याला एक निर्दोष युक्तिवाद सापडला. दिशा बदलावी असे तिचे म्हणणे मान्य करता येत नाही. परंतु तिच्यापुरता, तिच्या भूमीच्या मानासाठी, अपवाद करता येतो का, ह्याची त्याने साधकबाधक चर्चा केली आणि निष्कर्ष असा काढला की येत नाही, कारण अपवाद हा नियमाचाच पराभव असतो. सकाळी इस्पितळाची पायरी चढताना मुद्द्यांचा क्रमही त्याच्या मनात पक्का होता. खोलीत शिरला तेव्हा पलंगावर चादर नव्हती. गादी उघडी होती, खिडकी हवेसाठी उघडलेली होती, आणि परिचारिका म्हणाली, "आम्ही घरी फोन लावत होतो हो, तुम्ही निघाला होतात."

तेव्हापासून तो युक्तिवाद त्याच्याजवळच होता. तो कोणाला सांगायचा राहून गेला होता.

दफनाला मंडळी फार नव्हती. मंडळातले लोक, बेकरीतल्या दोघी, आणि जलखात्याकडून आलेला एक पुष्पगुच्छ. शवपेटी फळ्यांवर ठेवली होती. मर्व्ह सायप्रसच्या झाडाखाली यंत्राला टेकून उभा होता. लिअ‍ॅनने विल्फचा कोपर धरला.

"विल्फ, सांगून टाका. तुम्ही कुठं उभं राहताय? नाहीतर मातीचं मी करते. नेरिडाला तसंही चाललं असतं."

"चाललं असतं असं ती म्हणाली?"

"नाही," लिअ‍ॅन म्हणाली. खोटे बोलणे तिच्या स्वभावात नव्हते. "ती म्हणाली, म्हातारा शेवटच्या घटकेपर्यंत छळेल तुला, पण धीर धर."

तो जाऊन उभा राहिला तो कबरीच्या उत्तरेला. पाय आपोआप तिकडे गेले. लिअ‍ॅनने त्याच्याकडे पाहिले, क्षणभर डोळे मिटले आणि कार्य सुरू केले.

पूर्वेला बेकरीतल्या धाकट्या बाईने वायूला बोलावले. मग लिअ‍ॅन नेरिडाची मेणबत्ती घेऊन उत्तरेला, विल्फच्या अगदी शेजारी आली. सवयीप्रमाणे विल्फने कोटाच्या खिशातून कंदिलाची उंच काच काढून पुढे केली. लिअ‍ॅनने मान हलवली. काच लागत नव्हती. ह्या बाजूला शवपेटीचा आणि माणसांचा आडोसा होता, तिरपे ऊन अंगावर येत होते, आणि ज्योत न हलता, उन्हात जवळजवळ दिसेनाशी होऊन जळत होती. लिअ‍ॅनने अग्नीला हाक मारली. पश्चिमेला एका निवृत्त शिक्षकाने जलाला हाक मारली. पृथ्वी उरली होती, आणि सगळे विल्फकडे न पाहण्याचा प्रयत्न करीत होते.

विल्फ मेणबत्तीकडे पाहत होता. चाळीस वर्षांत ती न विझता जळताना त्याने पाहिलीच नव्हती.

तो निघाला. कबरीला वळसा घालून, जलाच्या शिक्षकामागून, हळूहळू दक्षिणेला आला. मातीच्या ढिगावर मर्व्हने हिरवी नकली गवताची चटई पसरली होती. विल्फने वाकून तिचे टोक उचलले आणि ती बाजूला सारली. काच हातात तशीच होती. बूट मातीत रुतवून तो उभा राहिला, विधीप्रमाणे शवपेटीकडे पाठ केली, आणि समुद्रावरचा वारा त्याच्या तोंडावर आला. डोळ्यांना पाणी सुटले. ह्याच दिशेला, ह्याच वाऱ्यात ती उभी राहत असे.

"उत्तरेच्या रक्षकांनो," तो म्हणाला.

मागे कोणीतरी दचकून श्वास घेतला. विल्फला स्वतःचा शब्द ऐकू आला होता. त्याने ओठ मिटले. जो शब्द दुसऱ्या कोणाच्या तोंडून चुकला असता तर त्याने वर्षभर विसरू दिले नसते, तो त्याच्या तोंडून गेला होता, आणि तोही हिच्याच दफनात. बेकरीतल्या बाईने रुमाल काढला.

"दक्षिणेच्या," तो म्हणाला. त्याने पुन्हा म्हटले. "दक्षिणेच्या रक्षकांनो. माती हो. हिला घ्या. ही इथलीच आहे."

एवढेच. विधीतला उरलेला मजकूर, जो त्याला झोपेतही येत असे, त्याने म्हटला नाही.

पेटी खाली उतरली. लिअ‍ॅन थोडे बोलली. भट्टीबद्दल, आणि नाताळात नेरिडा मंडळासाठी खास ‘चुकून’ करपलेली बिस्किटे कशी आणीत असे त्याबद्दल. एकदोघे हसले. मग निरोपाची वेळ आली. निरोपाचा पहिला मान पृथ्वीचा. लिअ‍ॅनने हलक्या आवाजात आठवण दिली.

"विल्फ. निरोप."

विल्फ पाठमोरा उभा राहिला.

"विल्फ, मातीला निरोप द्यायचा राहिलाय. नाहीतर वर्तुळ मोडता नाही येत."

"राहू दे."

"अहो, असं कसं राहू दे? तुम्हीच आम्हाला शिकवलंत, बोलावलं की..."

"मी शिकवलं. माहीत आहे." त्याने अजूनही वळून पाहिले नाही. "तिला पाठवून कसं चालेल, लिअ‍ॅन? तिनं आता इथंच राहायचंय."

त्या मंडळाच्या आठवणीत प्रथमच एका दिशेला निरोप न देता वर्तुळ मोडले गेले. बाकीच्या तिघांनी आपापली तत्त्वे परत पाठवली. लिअ‍ॅनने मेणबत्ती फुंकली. आणि लोक चहासाठी तिच्या बागेकडे निघाले. ती विल्फसाठी फाटकाशी थांबली. त्याने हातानेच तिला पुढे जायला सांगितले.

मर्व्ह झाडाखालून आला. त्याने फळ्या उचलल्या, चटईची गुंडाळी केली आणि ढिगापाशी येऊन थांबला, कारण विल्फ अजून ढिगावर उभा होता.

"उतरताय का, टनिक्लिफसाहेब? माती लागणार मला."

विल्फ उतरला. बुटांना माती चिकटली होती. ती त्याने झटकली नाही. काच एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मर्व्ह, तू कुठल्याच देवळातला नाहीस ना?"

"शनिवारी फुटबॉल. बाकी काही नाही."

"मग तुला विचारतो. तू सगळं पाहिलंस. मी शेवटी केलं ते बरोबर की चूक?"

मर्व्हने डोळ्यांवर हात धरून उत्तरेच्या उन्हाकडे पाहिले, मग मातीकडे, मग खाली पेटीकडे. त्याला घाई नव्हती. त्याने बैठकीवर चढून किल्ली फिरवण्यापूर्वी सांगितले.

"बरोबर. पण उशिरा."